घरच्यांना चिठ्ठी लागत नाही

फॉर्म चार पानी होता आणि तो भरायचं काम बहिणीकडे आलं, कारण ती शाळेत शिकवते आणि तिचं अक्षर चांगलं आहे. या घरात कामं अशीच वाटली जातात. जड उचलायचं असेल तर धाकटा, गोड बोलायचं असेल तर वहिनी, लिहायचं असेल तर बहीण. आणि ज्या कामानंतर कुणाच्या तरी डोळ्याला डोळा देता येत नाही, ते काम थोरल्याचं, कारण तो थोरला. त्याने ते उरकलंही होतं. वृद्धाश्रमात जाऊन तो खोली बघून आला होता. एक तारखेपासून ती आईची होणार होती. खिडकी पूर्वेला आहे, हे त्याने सकाळपासून तीनदा सांगितलं होतं, जणू आई आयुष्यभर पूर्वेच्या खिडकीसाठी अडून बसली होती.

रविवार होता. खालचं औषधांचं दुकान एक वाजता बंद झालं होतं आणि वर, दुकानाच्या डोक्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी तिघं भावंडं बसली होती. बाबा गेल्यावर टीव्ही कुणी न्यायचा यावरून जे झालं, त्यानंतर तिघांनी एका टेबलाला बसायची ही पहिलीच वेळ. टीव्ही अजून तिथेच होता आणि तो कुणीच बघत नव्हतं.

आई खिडकीशी तिच्या खुर्चीत बसली होती. ही खुर्ची चाळीस वर्षं खाली काउंटरच्या मागे असायची. त्या खुर्चीत बसून आईने सबंध रस्त्याची दुखणी पाठ केली होती. कुणाला पाच मिलिग्रॅमची चालते आणि कुणाला दहाची लागते, कुणाला कोणत्या गोळीने पुरळ येतं, कुणाचा नवरा गोळ्या उशीखाली लपवतो, सगळं तिला न बघता सांगता यायचं. लोक तिला तोंडपाठ मावशी म्हणत. सहा महिन्यांपूर्वी खुर्ची वर आली आणि तिच्या पाठोपाठ आई.

"जन्मतारीख, आई?" बहिणीने लाल पेन उघडलं. निळं पर्समध्ये सापडलं नव्हतं.

"थांब, सांगते," आई म्हणाली, आणि थांबवूनच ठेवलं.

बहिणीने तारीख स्वतःच लिहिली. "चालता येतं, हो. जिना, धरून. ऐकू व्यवस्थित येतं. पुढे विचारलंय, विस्मरण कधीपासून आणि कसं."

"लिही, टीव्हीच्या भांडणानंतर," धाकटा म्हणाला.

"तू गप बस."

धाकटा वायरमन होता. रविवारीसुद्धा त्याच्या खिशात टेस्टर असायचा आणि बोलतानाही तो लोकांना टेस्टर लावूनच बघायचा. आईला पाठवायला त्याचा विरोध होता. पण त्याच्याकडे भाड्याच्या दोन खोल्या आणि तीन मुलं, त्यामुळे विरोध नुसता तोंडी होता, आणि हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"साधारण वर्ष झालं," थोरला म्हणाला. "आधी गॅस उघडा राहायचा. मग चाव्या. मग माणसं. गेल्या महिन्यात मला बाबा समजून बोलत होती."

"काय म्हणत होती?"

"दुकान लवकर बंद करा म्हणत होती. थोरल्याला एकट्याला सुधरत नाही म्हणाली."

धाकट्याला हसू आलं ते त्याने आवरलं. आई समोर असताना तिच्याबद्दल 'ती' म्हणून बोलायची सवय सगळ्यांना लागली होती. कुणाला त्यात आता वावगं वाटत नव्हतं.

बहिणीने पान उलटलं. "आता औषधं. रोज घेत असलेली सर्व औषधं, कधीपासून, कोणत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. चला, हे तरी सोपं आहे. ब्लडप्रेशरची एक. एवढीच ना, दादा?"

"एवढीच," थोरला म्हणाला.

वहिनी चहा घेऊन येत होती. ती थोरल्याची बायको, आणि आईच्या डब्यात गोळ्या भरायचं काम तिचं. तिने कप ठेवले आणि सरळपणे म्हणाली, "आणि झोपेची."

थोरल्याने तिच्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्या बघण्याचा अर्थ वहिनीला कळत नव्हता असं नाही. पण आज तिला आईच्या पिशवीत काय काय भरायचं याची काळजी होती, आणि औषध राहून गेलं असतं तर बोल तिच्यावरच आला असता.

"झोपेची कधीपासून?" बहिणीने विचारलं.

"दीड वर्ष होईल," थोरला म्हणाला.

"डॉक्टर कोण लिहू?"

डॉक्टर कुणी नव्हतंच. या घरात डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध घेणं हे परक्यांचं काम होतं. बाबांचा तो नियमच होता आणि त्यांना त्याचा मोठा अभिमान. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, चिठ्ठीशिवाय ते पट्टी कापत नसत. पण घरात कुणी शिंकलं तर हात फळीकडे गेलाच. 'घरच्यांना चिठ्ठी लागत नाही,' असं ते पाहुण्यांदेखत म्हणायचे आणि हसायचे. तिन्ही मुलं त्यावर वाढली. ताप आला की खाली जायचं, बाबा काहीतरी हातावर ठेवायचे, ते गिळायचं.

"घरचीच आहे ती," वहिनी म्हणाली. "तुमच्या पिवळीसारखीच."

"माझी कसली पिवळी?" बहिणीने मान वर केली.

"खाजेची. तुम्ही ठेवून गेलात ना, ताई, मागच्या थंडीत. रात्री एक."

"अगं, ते काय औषध आहे? साधी गोळी ती. माझ्याकडे राहायला होती तेव्हा सारखी खाजवत बसायची, अंग कोरडं पडलं होतं. मी इथूनच एक डबी नेली. दिली की छान झोपायची."

"अजून घेतात त्या. डबी संपली की मी दुसरी आणते."

बहिणीने लिहिलं. पिवळी, खाजेची, रात्री एक. डॉक्टरांच्या रकान्यात तिने एक रेघ ओढली. मुलांच्या वहीत अशी रेघ ओढायची वेळ आली की ती त्यांना उभं करते.

"झालं?" तिने विचारलं. तिला आता पान लवकर उलटायचं होतं.

"झालं," धाकटा म्हणाला. मग त्याने खिशातला टेस्टर काढला आणि परत ठेवला. "एक माझी पण आहे."

"तुझी कुठली?"

"लघवीची. आवरायची. दर गुरुवारी मी तिला मावशीकडे नेतो ना. तासाभराच्या रस्त्यात तीनदा गाडी थांबवावी लागायची. तिलाच लाज वाटायची, ती यायलाच नको म्हणायला लागली. मग मी दुकानातून ती नेली. गुरुवारपुरतीच दिली होती."

"रोज घेतात त्या," वहिनी म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. तुम्हीच म्हणालात ना, भावजी, गुण आला म्हणून."

बहिणीने तेही लिहिलं. मग फॉर्म फिरवून थोरल्यापुढे सरकवला. "खाली लिहिलंय, यादी तपासणाऱ्याची सही, डॉक्टर किंवा औषधविक्रेता. बरंय, घरातच आहे. कर सही."

थोरल्याने पेन हातात घेतलं.

चार ओळी होत्या. लाल शाईत, चांगल्या अक्षरात. त्यातल्या तीन गोळ्या या घरातल्या तीन हातांनी वेगवेगळ्या वेळी दिल्या होत्या आणि त्या एका कागदावर कधी आल्याच नव्हत्या. गिऱ्हाईक असतं तर चिठ्ठीवर आल्या असत्या. चिठ्ठीवर आल्या असत्या तर त्याने बोट ठेवलं असतं. मागच्याच महिन्यात कोपऱ्यावरचा म्हातारा सुतार दोन चिठ्ठ्या घेऊन आला होता, एक खाजेची आणि एक झोपेची. थोरल्याने दुसरी पट्टी दिली नव्हती. त्याला स्टुलावर बसवून, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं होतं. आजोबा, या वयात या दोन एकत्र घ्यायच्या नाहीत, डोकं जड होतं, विसरायला होतं, पडाल कुठंतरी, आधी डॉक्टरांना विचारा. सुतार त्याला आशीर्वाद देऊन गेला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आणि त्याच रात्री वहिनीने दुकानातून पिवळ्या गोळ्यांची नवी डबी वर नेली होती, त्याच्या समोरून.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं, आणि न घेण्यात त्याची सोय होती. बाबा गेल्यावर आई पहाटे चारला उठायची. खाली दुकानात जाऊन फळ्या आवरत बसायची. दिवसा खुर्चीत बसून त्याच्या चुका काढायची, त्याही गिऱ्हाइकांसमोर. अरे, ती नव्हे, त्यांना दहाची. अरे, याच्या पोटाला ते सोसत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे दिवसातून दहा वेळा ऐकावं लागायचं आणि दहाच्या दहा वेळा आईचं बरोबर असायचं. मग त्याने आठ दिवसांसाठी झोपेची गोळी दिली. आई सहापर्यंत झोपू लागली, मग सातपर्यंत. मग खुर्चीत गप्प बसू लागली. आठ दिवसांचं दीड वर्ष झालं. ती गप्प झाली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सही केली असती तर कुणाला कळलं नसतं. बहीण लिहिते, वहिनी भरते, धाकटा तारा ओढतो. या घरात औषधातलं कळणारी माणसं दोनच, एक तो आणि दुसरी खिडकीशी.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

"ही यादी बरोबर नाही."

"अजून आहेत काय?"

"नाही. एवढ्याच आहेत." त्याने पेन खाली ठेवलं. "या एकत्र द्यायच्या नसतात. प्रेशरची सोडून तिन्ही. म्हाताऱ्या माणसाला तर एकेक देतानासुद्धा विचार करतात. याने माणूस विसरतो. बोलताना अडखळतो. गॅस उघडा ठेवतो."

बहिणीने फॉर्म परत आपल्याकडे ओढला.

"म्हणजे हे विसरणं..." बहीण म्हणाली.

"सगळं यानेच असेल असं नाही. पण यानेही असेल."

"आणि तू आत्ता सांगतोयस," धाकटा म्हणाला. "खोली बघून आल्यावर."

"माझ्या लक्षात..."

"तुझ्या लक्षात आलं नाही? दादा, तू औषधवाला आहेस. मी वायर उलटी जोडली आणि घर पेटलं तर लोक मला विचारतील की नाही?"

आजवर बहीण थोरल्याच्या बाजूने असायची आणि धाकटा एकटा पडायचा. आता तिची खुर्ची, तिला कळायच्या आत, धाकट्याकडे सरकली. "आम्हाला काय कळतंय औषधातलं," ती म्हणाली. "आम्ही विश्वासावर दिलं. दुकानात मिळतंय म्हणजे चांगलंच असणार ना."

"तू विचारलं होतंस मला?" थोरला म्हणाला.

"विचारायचं काय? घरचं दुकान."

ते बोलून ती थांबली. तिला थंडीतल्या त्या रात्री आठवल्या. आई अंधारात बसून हात खाजवायची, त्याचा कर्रकर्र आवाज यायचा, आणि सकाळी सातला शाळेची घंटा असायची. गोळी तिने आईच्या हाताला आराम पडावा म्हणून दिली होती, असं ती स्वतःला सांगत आली होती. आराम तिच्या स्वतःच्या कानांना पडला होता. एक थोबाडीत बसावी तसं तिचं तोंड झालं आणि तिने फॉर्मवरची ती रेघ बोटाने झाकली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "डब्यात मीच भरत होते," ती म्हणाली. "रोज. हातांनी."

"तुझा काय दोष त्यात," थोरला म्हणाला, आणि निदान एवढं खरं होतं.

त्याने फोन उचलला. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रविवारी घरी असायच्या, पण औषधवाल्याचा फोन त्या घेतात. त्याने फोन टेबलाच्या मध्ये ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि यादी वाचून दाखवली. चाचणीला उभ्या केलेल्या मुलासारखा त्याचा आवाज येत होता.

बाईंनी यादी पुन्हा एकदा वाचायला लावली.

"हा पेशंट कोण?" बाईंनी विचारलं.

"आई."

"तुमची आई?"

"हो."

"अहो, पण तुम्ही तर माझ्या पेशंटना अशा गोळ्या परत करता. मी मुद्दाम लोकांना तुमच्या दुकानात पाठवते. सांगते, तिथे लक्ष देतात म्हणून."

थोरल्याची मान इतकी खाली गेली की धाकट्यालाही पुढे बोलवेना.

बाई मग कामाचं बोलल्या. वय झालं की औषध अंगातून लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे थोडंही जास्त होतं. एकेका गोळीने डोकं थोडं धुरकटतं, तीन मिळाल्या की माणूस हरवल्यासारखा होतो, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपण आलं. झोपेची गोळी एकदम बंद करायची नाही, ते धोक्याचं, ती आठवड्या-आठवड्याने उतरवायची. बाकीच्यांचंही त्या बघून सांगतील. रक्त तपासायचं. सगळं निघालं की मग आठवणीची परीक्षा घ्यायची, आधी नाही.

"सगळं परत येईल?" बहिणीने विचारलं.

"ते आज कुणी सांगू शकत नाही. बरंच येतं बऱ्याच जणांचं. काहींचं मुळात दुसरं काही असतं. पण गोळ्यांच्या धुरातून बघून माणसाला कुठे पाठवायचा निर्णय घेऊ नका." मग त्या म्हणाल्या, "घेऊन या त्यांना उद्या. आणि तुम्हाला तरी मी काय सांगू."

फोन बंद झाला. धाकट्याने फॉर्म उचलला, घडी घातली आणि आपल्या खिशात टेस्टरशेजारी ठेवला. वृद्धाश्रमाचं नाव त्या दिवशी पुन्हा कुणी काढलं नाही.

"तिघांनी औषध दिलं एकीला," तो म्हणाला, "आणि बरं वाटलं तिघांना." मग जरा वेळाने, "मला गाडी थांबवावी लागत नव्हती. मी मित्रांना सांगायचो, आता कसं सुरळीत चाललंय."

खिडकीशी आई ऐकत होती. ऐकणं तिचं कधीच बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते उत्तर काढणं. फळी तीच, डबे तेच, पण डब्यांवरचे कागद कुणीतरी काढून घेतल्यासारखे झाले होते, आणि प्रत्येक डबा उघडून बघेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. म्हणून तिने बोलणं कमी केलं होतं. 'थांब, सांगते' म्हणायचं आणि गप्प बसायचं. लोकांना तेवढ्यात घाई झालेली असते.

गोळ्यांचं बोलणं तिला समजलं. या तीन गोळ्या एका माणसाला देऊ नयेत हे तिला कुठेतरी ठाऊक होतं, आणि आपण तोच माणूस आहोत हे मात्र तिच्या ध्यानात येत नव्हतं. आता आलं. तिला राग यायला हवा होता, पण त्याआधी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते सुटू नये म्हणून तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मग ते खोकं?" ती म्हणाली.

सगळे वळले.

"बेकरीवालीचं खोकं," आई हळूहळू म्हणाली. "तिच्या थायरॉइडच्या जागी प्रेशरचं दिलं ते. ते पण गोळ्यांमुळेच झालं का माझ्याकडून?"

हे त्या सहा महिन्यांपूर्वीचं. बेकरीवाली दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन परत आली होती, भरल्या दुकानात. एकही गोळी घेतली नव्हती, भांडलीही नव्हती, पण सगळ्यांनी बघितलं होतं. तोंडपाठ मावशी चुकल्या, हे संध्याकाळपर्यंत रस्ताभर झालं. त्याच आठवड्यात खुर्ची वर आली.

"हो गं आई," बहीण पटकन उठून तिच्याजवळ गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि कितीतरी वेळाने काहीतरी चांगलं सांगायला मिळालं म्हणून तिला हलकंही वाटलं. "गोळ्यांमुळेच. तुझी काही चूक नव्हती त्यात."

"गोळ्यांनीच," धाकटा म्हणाला. "नाहीतर तू चुकणार?"

वहिनीनेही मान हलवली. सगळ्यांना ते पटलं, कारण ते पटण्यासारखंच होतं.

थोरला बसून होता. त्याला आयती वाट मिळाली होती. दोष गोळ्यांवर गेला होता, गोळ्यांचा दोष तिघांत वाटला गेला होता, आणि त्याच्या वाट्याला जे आलं होतं ते सोसता येण्याएवढं होतं. आणखी दोन मिनिटं अळीमिळी गुपचिळी केली असती तर दुपार संपली असती.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"ते खोकं मी दिलं होतं."

बहिणीचा हात आईच्या खांद्यावर तसाच राहिला.

"दुपारची गर्दी होती," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "चिठ्ठी आईने घेतली, पण खोकं मी काढलं. दोन्ही खोकी निळी आहेत. दुसऱ्या दिवशी बेकरीवाली आली तेव्हा मला बघताक्षणी कळलं की हे माझ्या हातचं."

"मग तू म्हणालास काय तेव्हा?" धाकट्याने विचारलं.

"मी काही म्हणालो नाही. मी आईला विचारलं, तू दिलंस का." त्याने टेबलावरचा फोन उगाच जरा बाजूला सरकवला. "नुसतं विचारलं. आणि आई म्हणाली, दिलं असेल रे, आठवत नाही."

धाकटा अंगावर धावून गेला असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं. पण धाकटा खिडकीबाहेर बघत राहिला, आणि वहिनी, जिने पंचवीस वर्षं त्याची बाजू घेतली होती, ती कप उचलून आत गेली. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ बंद झाला नाही.

आईने थोरल्याकडे बघितलं. बाबा समजून नव्हे, त्यालाच.

"सहा महिने मी आठवते आहे," ती म्हणाली. प्रत्येक शब्द ती फळीवरून काढून, बघून, मग पुढे ठेवत होती. "सकाळी उठले की तेच. खोकं कुठल्या फळीवरून घेतलं. कुठल्या हाताने दिलं. तिने काय नेसलं होतं. काहीच आठवत नव्हतं. मला वाटलं, हेच गेलं म्हणजे सगळंच गेलं आपलं." ती जरा थांबली. "जे केलंच नाही ते आठवणार कसं?"

"आई, माझं..."

"थांब, सांगते."

या वेळी सगळे थांबले. घड्याळाचा काटा हललेला ऐकू आला, खाली रस्त्यावरून एक सायकल गेली, आणि कुणीही तिच्या तोंडचं वाक्य पुरं केलं नाही.

"झोपेची एकदम बंद नाही करायची," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या. बरोबर आहे ते, मीही लोकांना तेच सांगायचे. पण तुझ्या हातची आता मी घेणार नाही. चिठ्ठी आण. दवाखान्यात जा, ओळीत बस, नंबर आला की बाईंना सांग, आणि त्या लिहून देतील ती चिठ्ठी मला दाखव. मग दे."

"आज रविवार आहे, आई. आजची फक्त..."

"तर त्यांच्या घरी जा. घरच्यांना लागते चिठ्ठी."

तो उठला. बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला कुठेतरी पाठवत होतं. तो जिन्याशी पोचला तेव्हा ती पुन्हा बोलली.

"आणि बेकरीत जाऊन ये. ती बाई माझ्याशी हल्ली लहान मुलाशी बोलावं तसं बोलते. हळू आणि मोठ्याने. मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

बेकरी रस्ता ओलांडून चौथं दुकान, बाईंच्या घराच्या वाटेवरच. रविवारी संध्याकाळचे ताजे पाव निघायची वेळ होती आणि काउंटरशी सहा-सात माणसं उभी होती. त्यात तो म्हातारा सुतारही होता, त्याने थोरल्याला बघून आदराने जागा करून दिली. बेकरीवालीचे हात पिठाने भरलेले होते. थोरल्याला बघताच तिने मान तिरकी केली, आजाऱ्याच्या घरच्यांना बघून करतात तशी.

"कशा आहेत हो मावशी?" तिने विचारलं. "परवा खिडकीत दिसल्या. मी हात केला, पण ओळखलं की नाही कुणास ठाऊक. बिचाऱ्या."

गर्दी ओसरू द्यावी, मग बाजूला घेऊन सांगावं, असं त्याच्या मनात आलं. ते समजूतदारपणाचंही दिसलं असतं. मग त्याला भरलेलं दुकान आठवलं, काउंटरवरचं निळं खोकं, आणि सगळ्यांच्या देखत खुर्चीत बसून 'दिलं असेल रे' म्हणणारी आई. तेव्हा कुणी गर्दी ओसरायची वाट बघितली नव्हती.

"त्या दिवशीचं खोकं," तो म्हणाला, आणि सुतारासकट सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज त्याने काढला, "आईने दिलं नव्हतं."